कथापटाची मागची बाजू

प्रिय,

तू पाठवलेले कथापटाचे, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या भरतकामाच्या कापडाचे, फोटो पाहिले. पट लाओसच्या ह्मोंग लोकांचा दिसतो. पण त्याबद्दलच्या तुझ्या नोंदीतलं ‘प्राचीन परंपरा’ आधी खोड. ह्मोंग बायकांचं जुनं भरतकाम, ‘पा न्दाऊ’ म्हणजे फुलांचं कापड, भौमितिक नक्षीचं असतं. विमानं, सैनिक, पाठुंगळी पोर घेऊन पळणाऱ्या बाया कापडावर आल्या त्या 1975 नंतर, लाओसमधल्या युद्धानंतर पळून आलेल्यांच्या थायलंडमधल्या बान विनाईसारख्या निर्वासित छावण्यांत. चित्राची रेघ बरेचदा पुरुष काढत, टाके बायका घालत. गिऱ्हाईक परदेशी, म्हणून काही पटांवर इंग्रजी ओळी. विकायला केला म्हणून पट खोटा ठरत नाही. मात्र गिऱ्हाइकाला बघवणार नाही म्हणून काय गाळलं असेल, हा प्रश्न नोंदीत लिही.

कापडावर पेन्सिल नको. फोटोच्या प्रिंटवर 4 × 5 चौकोन आख आणि प्रत्येकात कोण, कुठल्या पोशाखात, हातात काय, तोंड कुठे, एवढंच टीप. निळा पट्टा बहुधा मेकाँग, लाओसमधून थायलंडला पळताना ओलांडलेली नदी: त्यात बांबू किंवा फुगवलेल्या नळ्या धरून तरंगणारी माणसं शोध. अर्थ नंतर. इंग्रजी ओळींतल्या चुका सुधारू नकोस, जशाच्या तशा उतरव.

विमानातून पिवळं काही पडताना दिसलं तर सांभाळून. 1981 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी विषारी अस्त्र म्हणून या ‘पिवळ्या पावसा’चा ठपका सोव्हिएत संघावर ठेवला, पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि सहकाऱ्यांनी नमुने म्हणजे मधमाश्यांची विष्ठा असल्याचं मांडलं. वाद मिटलेला नाही. ‘रासायनिक हल्ल्याचा पुरावा’ लिहू नकोस, ‘अफवा’ही नको. ‘विमानातून पिवळं पडताना दाखवलं आहे’ एवढंच लिही.

आता पट उलटा कर. (अस्तर असेल तर ते उसवायचं नाही, तसं नोंदव.) पुढून साखळी टाका, भरीव टाका नीटनेटके दिसतात; गाठी, मध्येच बदललेला दोरा, उसवून पुन्हा घातलेले टाके मागेच सापडतात. दिवा एका बाजूने, अगदी तिरपा धर, म्हणजे उसवलेल्या टाक्यांची भोकं उठून दिसतील.

धुवायचा मोह आवर. लाल-काळा दोरा रंग सोडतो आणि डाग फिकट कापडात कायमचा बसतो. घडीही नको, घडीवर दोरे तुटतात. 8–10 सेंमी जाडीच्या नळीवर खळ काढलेला मांजरपाट गुंडाळ आणि त्यावर पट, भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून. आत ठेवलंस तर टाके चेपतात.

पुढच्या खेपेला मागच्या बाजूचे फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून.