लेमन बामने खरंच झोप लागते का?

तुमचा प्रश्न असा: मडगावच्या दुकानात लेमन बामच्या कॅप्सूल पाहिल्या, रात्री झोप येत नाही, कामाचा ताण आहे, तर घ्याव्यात का, आणि किती दिवसांत गुण येईल?

लेमन बाम म्हणजे चोळायचा बाम नव्हे, लिंबाच्या वासाचं, पुदिन्याच्या कुळातलं रोप. त्याच्या कॅप्सूल घेऊ नका, पानं घ्या. गुण येतो, पण हलका, आणि संध्याकाळ जरा सांभाळलीत तरच. इतकं ठाम लिहितेय कारण याच पाल्यावरून माझं आणि दादाचं वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आई गेल्यावर बाबांची झोपच उडाली. फोंड्याजवळ आमचं जुनं घर, मागे कुळागर. मध्यरात्री उठून सोप्यावर येरझाऱ्या घालायचे. दादा पर्वरीला राहतो, रविवारी येऊन जातो. त्याने ओळखीच्या एका औषधवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. बाबा झोपले खरे, पण पहाटे बाथरूमला जाताना उंबऱ्यावर तोल गेला आणि पडले. हाड मोडलं नाही हे नशीब. उतारवयात या गोळ्यांनी तोल जातो हे मग डॉक्टरांनी समजावलं आणि गोळ्या त्यांनीच बंद केल्या.

त्याच सुमाराला शेजारच्या मावशींचा मुलगा लिस्बनहून आला होता. तिकडे लेमन बामच्या पानांचा चहा घरोघरी पितात. त्याने बियांची पुडी दिली. सगळे म्हणाले, गोव्याच्या उकाड्यात हे जगायचं नाही. जगलं. बी बारीक असतं, वर माती लोटायची नाही, त्याला उजेड लागतो. दुपारचं ऊन टाळायचं आणि जूनपासून कुंडी पडवीत घ्यायची, नाहीतर पावसाने मुळं कुजतात. आमच्या गवती चहाशी घोटाळा करू नका. लिंबाचा वास दोन्हींना आहे, कारण सिट्रल दोन्हींत असतं, पण ते गवत आणि हे पुदिन्या-तुळशीच्या कुळातलं.

दिवेलागणीनंतर पेज जेवून झाली की मी टीव्ही बंद करायची. मूठभर ताजी पानं हाताने चुरून कपात, वर उकळतं पाणी, आणि लगेच बशी झाकायची. झाकलं नाही तर वास वाफेबरोबर जातो आणि उरतो नुसता हिरवा काढा. दहा मिनिटांनी गाळून द्यायचा. बाबा घुटका घुटका पीत आईच्या गोष्टी सांगायचे, मी ऐकत बसायची. हळूहळू येरझाऱ्या कमी झाल्या. पुढे ते पहाटेपर्यंत सलग झोपू लागले.

चवथीला सगळं घर जमलेलं असताना दादा म्हणाला, "पाल्याने काही होत नाही, तू जवळ बसायचीस म्हणून बाबा झोपायचे." आणि पुढच्या खेपेला स्वतःच लेमन बामच्या कॅप्सूलची महागडी बाटली घेऊन आला! म्हणे यावर संशोधन झालंय. झालंय ना. २००४ साली इंग्लंडात १८ निरोगी माणसांना त्याचा अर्क दिला, मुद्दाम ताण येईल अशी कामं करायला लावली, तेव्हा ६०० मिलिग्रॅमवर ती जास्त शांत राहिली. पण तो प्रयोग झोपेवर नव्हता आणि त्यात कुणी म्हातारंही नव्हतं. प्रयोगशाळेत असंही दिसलंय की यातलं रोझमॅरिनिक आम्ल मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या द्रव्याचं विघटन रोखतं. पण तेवढ्यावरून बाटली विकत घ्यायची?

दादाचं निम्मं बरोबर आहे, मी जवळ बसण्याचाही गुण होताच. पण मग पर्वरीहून फोंड्याला यायला लागतो किती वेळ? तो का नाही बसला एखाद्या संध्याकाळी?

तुम्हालाही तेच सांगते. अकरा वाजेपर्यंत ऑफिसचे मेसेज बघत बसलात आणि बाराला कॅप्सूल गिळलीत तर काही होणार नाही. कुणी घरात असेल तर त्याच्याबरोबर बसून चहा प्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

ताजी पानं मिळाली नाहीत तर वाळलेली चालतील, वास मात्र उतरलेला असतो. युरोपच्या औषध संस्थेने दिलेलं प्रमाण एका वेळी १.५ ते ४.५ ग्रॅम, १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून एक ते तीन वेळा. त्यांनीही ते जुन्या वापराच्या आधारावर मान्य केलंय, पक्क्या चाचण्यांवर नाही.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं. थायरॉइडचा त्रास असेल किंवा झोपेच्या नाहीतर मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि चालू गोळ्या मनाने बंदही करू नका. गरोदर बायकांनी आणि १२ वर्षांखालच्या मुलांनी घेऊ नये. पिऊन सुस्ती आली तर स्कूटर चालवू नका. दोन आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर पाला बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. ताण सोसवेनासा झाला तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर आहे, फोन फुकट लागतो.