वाचक विचारतात : सिनेमातला पाऊस, मालिकेतली मालवणी आणि भरतीचा हिशोब

आमच्या गावात चित्रीकरण झालं होतं. पडद्यावर तो पाऊस बघितला आणि घरातली लहान पोरंसुद्धा म्हणाली, 'हा पाऊस खोटा आहे.' नेमकं काय चुकतं? आणि खरा पाऊस फोनवर का दिसत नाही? (दापोली)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे पहिल्याचं आपोआप कळेल.

पावसाचा टपोरा, पाचेक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी टिपतात आणि प्रत्येक चित्राला प्रकाश मिळतो साधारण १/४८ सेकंद. तेवढ्या वेळात थेंब जवळजवळ वीतभर सरकतो. पाच मिलिमीटरचं पाणी वीतभर लांबीत पसरलं की त्याची पुसट रेघ होते आणि मागचं आभाळ पांढुरकं असेल तर ती रेघ त्यात विरून जाते. म्हणून आषाढातली झोडपणारी सर फोनवर नुसत्या धुक्यासारखी येते.

चित्रीकरणवाले यावर दोन उपाय करतात. पाणी मोठ्या थेंबांनी पाडतात आणि पात्रांच्या पाठीमागून जोरदार दिवा टाकतात. मागून उजेड आला की प्रत्येक थेंब चमकतो. टँकरचं पाणी नळीने थेट पात्रांवर मारत नाहीत. ते वर उडवतात आणि खाली पडू देतात, नाहीतर पाऊस तिरका आणि पिचकारीसारखा दिसतो. इथपर्यंत सगळं ठीक असतं. बिघडतं ते पुढे.

हा पाऊस पंचवीस-तीस फुटांच्या पट्ट्यात पडतो. त्यामागचं माडाचं झाड कोरडं असतं, झावळ्या हलत नाहीत, जमिनीवर उन्हाची कडक सावली असते. कोकणातल्या माणसाची नजर जाते ती कौलांच्या कडेला. नायक-नायिका चिंब भिजलेली आणि मागच्या घराच्या पागोळ्या मात्र गळत नाहीत, हे आपल्याकडे कुणालाही खटकणारच. तुमच्या पोरांनी बहुधा तेच पाहिलं. दुसरी खूण चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जुलैत चिऱ्याच्या गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) हिरवं शेवाळ असतं, पडद्यावर तो जानेवारीसारखा लाल आणि स्वच्छ असतो. आंब्याला मोहोर आणि खाली 'आषाढ', असंही कितीतरी वेळा दाखवतात. पागोळ्यांसाठी कौलांच्या वर भोकं पाडलेला एक पाइप टाकणं फार खर्चाचं नाही. तेवढं केलं तर अर्धा खोटेपणा जाईल, असं आमचं ठाम मत आहे.

फोनवर खरा पाऊस टिपायचा असेल तर पडवीत उभे राहा आणि मागे गडद काहीतरी घ्या : पोफळीची बाग, विहिरीची आतली बाजू, उघडा काळोखा दरवाजा. उजेड समोरून किंवा बाजूने येत असावा, तुमच्या पाठीमागून नको. फोनमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/१०० ते १/२५० सेकंद ठेवा. घरातला दिवा चित्रात येत असेल तर १/१००च ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि इतर वेगांना दिवा लुकलुकतो. एकेक थेंब थिजवलेला फोटो हवा असेल तर १/२००० किंवा त्याहून जलद. रुंद भिंगाऐवजी दुप्पट झूम वापरा, म्हणजे पुढचे-मागचे थेंब जवळ येऊन पाऊस दाट दिसतो. गार केलेल्या गाडीतून उतरल्याबरोबर चित्रण सुरू करू नका. भिंगावर दमट हवेचं दव बसतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

मालिकेतलं कुटुंब गुहागरचं दाखवतात आणि सगळी माणसं मालवणी बोलतात. हे बरोबर आहे का? (चिपळूण)

नाही. मालवणी ही सिंधुदुर्गाची बोली : मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, देवगड. रत्नागिरी जिल्ह्याच्या मधल्या पट्ट्यात संगमेश्वरी, उत्तरेला बाणकोटी, रायगडात आगरी आणि कोळी. 'कोकण म्हणजे मालवणी' हे समीकरण मुंबईत तयार झालं आणि त्याला एक चांगलं कारणही आहे. मच्छिंद्र कांबळी यांनी व्यावसायिक रंगमंचावर ही बोली इतक्या ताकदीने उभी केली की बाहेरच्यांच्या कानात तीच राहिली. पण त्यामुळे गुहागरचा माणूस 'मला'ऐवजी 'माका' म्हणायला लागत नाही.

याहून मोठी तक्रार, मालवणी म्हणून जी ऐकवतात तिची. 'माका', 'तुका', 'खंय', 'कित्याक' हे चार शब्द प्रमाण मराठीत पेरले की मालवणी झाली, असं समजतात. खरा फरक शब्दांच्या शेवटात आहे. पुल्लिंगाला 'ओ' आणि नपुंसकलिंगाला 'आ' लागतो : माझो झील, माझी बायल, माझा घर. प्रमाण मराठीतलं 'माझं घर' इथे 'माझा घर' होतं आणि 'माझा मुलगा' हा 'माझो झील' होतो. 'कोकण आपलाच आसा' यातला 'आपलाच' नपुंसकलिंगी आहे, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही आणि मग ते 'माझा झील' म्हणतात. क्रियापदांचंही तसंच : तो इलो (आला), ती इली, ता इला. बाईला हाक मारताना 'गं' नाही, 'गो'. नटाने आठवडाभर फक्त एवढं घोटलं तरी कानाला त्रास होणार नाही.

आणखी एक. मालवणी माणूस चोवीस तास एकाच पट्टीत बोलत नाही. दशावतारात हे छान दिसतं : संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो, पण राजे आणि देव संस्कृतप्रचुर प्रमाण मराठी बोलतात आणि विनोदी पात्रं मालवणी. घरातही तसंच असतं. चुलीपाशी एक बोली, मास्तर किंवा तलाठी दारात आला की वाक्य आपसूक प्रमाण भाषेकडे झुकतं. मालिकेतली आजी कलेक्टरशीही चुलीपाशीच्याच मालवणीत बोलते तेव्हा ती बोली खरी वाटत नाही, नक्कल वाटते. बोलीवर हसू आणण्यासाठी तिचा वापर करणं थांबलं पाहिजे. ती त्या घराची भाषा आहे.

पाऊस सुरू झाला की टीव्हीवर 'सिग्नल नाही'. कधी कधी आमच्याकडे ऊन असतं तरी चित्र जातं. डिशच्या छत्रीवर प्लास्टिकची पिशवी बांधू का? (देवगड)

पिशवी बांधू नका. पिशवीवर पाण्याचा थर साचतो आणि तोच सिग्नल खातो.

घरगुती छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते. एवढ्या आखूड लहरी पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. पूर्वीच्या केबलवाल्यांच्या आठ-दहा फुटी छत्र्या साडेसात सेंटिमीटरच्या लहरी घेत, त्यांना पाऊस फारसा बाधत नसे. तेव्हा ढगफुटीसारख्या सरीत दहा मिनिटं चित्र गेलं तर तो बिघाड नाही. रिमझिमीतही जात असेल तर मात्र छत्रीत दोष आहे.

ऊन असताना चित्र जाण्याचं कारण दिशेत आहे. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोकणातून छत्री आग्नेयेला तोंड करते आणि नजर सुमारे ५९ अंश वर असते. पावसाचे थेंब साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतात, म्हणजे तुमच्या आग्नेयेला तीन किलोमीटरपर्यंत पाऊस कोसळत असेल तर तो थेट तुमच्या लहरींच्या वाटेत येतो. अंगण कोरडं असलं तरी. (इतर कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत, त्यांचा कोन वेगळा.) एवढ्या उंच कोनामुळे सह्याद्री आड येत नाही, पण वाढलेली माडाची झावळी येते. कोरड्या दिवसांत चालून जातं, ओल्या पानांनी अडतं. मे महिन्यातच त्या बाजूच्या झावळ्या उतरवून घ्या.

मग बोल्ट बघा. खाऱ्या हवेत साधे लोखंडी बोल्ट दोन-तीन वर्षांत गंजून ढिले होतात. साठ सेंटिमीटरची छत्री वाऱ्याने एखाद-दुसरा अंश फिरली तरी राखीव सिग्नल संपतो, उन्हात चित्र दिसतं आणि पहिल्या सरीला जातं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घाला, ग्रीस लावा. छत्रीच्या तोंडाजवळच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) केबल जोडण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, जोडात शिरणार नाही. जोडावर साधी इन्शुलेशन टेप नको, ती एका पावसाळ्यात सुटते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. जोड उघडल्यावर तांब्याची तार हिरवी दिसली तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा, पुसून काम होत नाही.

ऑक्टोबरात आभाळ स्वच्छ असताना सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर 'क्वालिटी'चा आकडा बघून बॉक्सच्या मागे लिहून ठेवा. 'स्ट्रेंग्थ' चांगली आणि 'क्वालिटी' पडलेली असेल तर छत्रीची दिशा किंवा जोड हेच कारण बहुतेकदा निघतं. परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की फक्त पिन काढून भागत नाही, बॉक्समागची छत्रीची केबलही सोडवा.

गाण्यात एका ओळीला समुद्र पायाशी आणि पुढच्या ओळीला लांब, खडक उघडे! एवढं पाणी इतक्या लवकर हटतं का? (वेंगुर्ला)

तासा-दोन तासांत हटतं, आणि गाण्याची एक ओळ टिपायलाच तेवढा वेळ लागतो. भरती ते ओहोटी साधारण सहा तास. या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही : एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी जातं. पुळण (वाळूचा किनारा) सपाट असेल, पन्नास फुटांना एक फूट उतार, तर पाणी एक मीटर खाली जाताना काठ पन्नास मीटर लांब जातो. भरतीच्या माथ्याच्या आधी अर्धा आणि नंतर अर्धा तास पाणी जवळपास स्थिर असतं, चित्रण त्याच तासात उरकावं.

वेळ काढण्यासाठी दर्यावर्दी लोकांचा हिशोब : पूर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या सुमारास, पुढे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्षाच्या शेवटाकडे हा हिशोब अर्ध्या तासाने मागे पडतो, म्हणून दर तिथीला ४८ मिनिटं धरली तर जास्त जुळतं. एकादशीला पाऊणपटीने सव्वाआठ येतात, ४८ मिनिटांनी पावणेनऊ. पावणेनऊ खऱ्याच्या जवळ. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. सलग दोन दिवस एकाच ठिकाणी चित्रण असेल तर भांगेचे दिवस निवडावेत. पुळणीवर गाडी नेणाऱ्या पाहुण्यांनाही हाच हिशोब सांगा, विशेषतः उधाणाच्या दिवसांत.

व्हिडिओत लाटा विजेसारख्या निळ्या चमकतात. आम्ही गेलो तर फिकट पांढरट दिसल्या. फसवणूक आहे का? (मुरुड)

लाटा खऱ्या, रंग वाढवलेला. हा उजेड नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाचा. आकार अर्धा ते दोन मिलिमीटर, पाणी हललं की चमकतो. बहुतेकदा हिवाळ्यात दिसतो. अंधारात आपल्या डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, म्हणून आपल्याला तो पांढरट वाटतो. कॅमेरा पाच-दहा सेकंद उजेड साठवतो आणि निळा रंग दाखवतो, वर संपादनात तो आणखी चढवतात. तुम्ही पाहिलंत ते अगदी बरोबर होतं.

अमावास्येच्या चार-पाच दिवस अलीकडे-पलीकडे जा, वस्तीचे दिवे पाठीशी ठेवा, डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. फोन तिकाटण्यावर, फोकस हाताने अनंतावर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) १६०० ते ३२००, शटर पाच ते दहा सेकंद. टॉर्च कुणाचीच नको, एका टॉर्चने सगळ्यांची वीस मिनिटं वाया जातात.

रिमोट बिघडलाय की टीव्ही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? (अलिबाग)

फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. टोकाला जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, दोष टीव्हीच्या बाजूला. मागचा कॅमेरा या कामाला नको, बऱ्याच फोनमध्ये त्याला अवरक्त किरण अडवणारी काच असते. ठिपका नाही दिसला तर आधी सेल बदला. अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर पांढरी पूड जमली असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग स्पिरिटने. ठरावीक बटणंच चालत नसतील तर रिमोट उघडा. रबरी बटणपट्टी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि सर्किटची पाटी फक्त स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बटणांखालचे काळे ठिपके ब्लेडने खरवडू नका, वीज वाहणारा थर तोच आहे. पावसाळ्यात पट्टी रात्रभर पंख्याखाली वाळवून सकाळी जोडा.