वाचकांचे प्रश्न : मुलाखतीतला प्रश्न कानावर पडतो, पण कळत नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी बोलण्याची अडचण जेवढी येते, त्याहून अधिक समोरचा माणूस काय विचारतो आहे ते समजण्याची येते. म्हणून इतर विषयांची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी याच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केले आहे आणि इंग्रजीत मला नेहमी चांगले गुण मिळाले. मागच्या महिन्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. समोर तिघे बसले होते. त्यांतल्या एकाने पहिलाच प्रश्न इतक्या भरभर विचारला की मला त्यातले ‘वॉक’ आणि ‘थ्रू’ एवढे दोनच शब्द कळले. मी घाबरून माझे नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय सांगितला. पुढे सगळेच बिघडत गेले. वाचलेले इंग्रजी मला कळते, मग ऐकलेले का कळत नाही? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : तुम्हाला विचारलेला प्रश्न बहुधा ‘वॉक मी थ्रू युअर रेझ्युमे’ असा असावा. त्याचा चालण्याशी काही संबंध नाही. ‘तुमच्या बायोडेटात जे लिहिले आहे ते शिक्षणापासून आजपर्यंत क्रमाने सांगा’ एवढाच त्याचा अर्थ. मुलाखतीत हा प्रश्न वारंवार येतो, आणि पाठ्यपुस्तकात तो या शब्दांत क्वचितच भेटतो.

तुमच्या अभ्यासात खोट आहे असे मला वाटत नाही. गोव्यात मराठी शाळेत चौथी झालेले मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात जाते, आणि तिथून पुढे इंग्रजीशी त्याची गाठ पडते ती पुस्तकाच्या पानावर, फळ्यावर आणि प्रश्नपत्रिकेत. वर्गात शिक्षक तेच इंग्रजी सावकाश, शब्द सुटे करून आणि मधूनमधून मराठी-कोकणीत अर्थ सांगत बोलतात, कारण मुलांना समजावे ही त्यांची तळमळ असते. त्यामुळे पदवी होईपर्यंत डोळ्यांना इंग्रजीची चांगली ओळख झालेली असते, पण घाईत बोलले जाणारे इंग्रजी कानाने जवळजवळ ऐकलेलेच नसते.

बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात, हे मराठीतही घडते. आपण ‘कुठे चालला आहेस’ असे लिहितो आणि ‘कुठं चाललायस’ असे बोलतो. मराठी पुस्तकातून शिकलेला परका माणूस त्यात ‘आहेस’ शोधत बसेल आणि तो त्याला सापडणार नाही. इंग्रजीत ‘व्हॉट डिड यू डू देअर’ हे पाच शब्द बोलताना ‘वॉडिजू डू देअर’ असे होतात. शिवाय मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच वेळ देतो, तर इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘फॉर’ असे शब्द अर्धवट गिळले जातात. आपला कान मात्र तेही पूर्ण उच्चारले जातील अशी वाट पाहत राहतो, आणि तेवढ्यात पुढचे वाक्य निघून जाते.

माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. ध्वनिफितीतला अधिकारी उशिरा आलेल्या उमेदवाराला म्हणतो, ‘यू शुड हॅव कॉल्ड अस.’ म्हणजे, तुम्ही आम्हाला फोन करायला हवा होता. तिने वहीत लिहिले होते, ‘यू शुड ऑफ कोल्ड अस’, आणि ते एसी बंद करायला सांगत होते का, असे तिने मला विचारले. ती हुशार होती आणि तिने जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते. ‘शुड हॅव’ बोलताना ‘शुडव्ह’ असा ऐकू येतो, हे तिला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आम्ही ते एकच वाक्य वीसेक वेळा ऐकले, आणि पुढे तिला तो ‘हॅव’ कधी चुकला नाही.

तुमचाही सराव असाच छोटा आणि बारकाईचा हवा. दोन मिनिटांचे संभाषण निवडा, ज्याचा लेखी मजकूर सोबत मिळतो असे. तो मजकूर झाकून ठेवा आणि आधी तीन वेळा नुसते ऐका, काहीही लिहू नका. चौथ्यांदा एकेक वाक्य थांबवून जे ऐकू येते ते लिहा, अर्थ लागत नसला तरी ध्वनी लिहा. मग मजकूर उघडून तुमचे लिखाण त्याच्याशी ताडून पाहा. जिथे तफावत दिसेल तिथे खूण करा, कारण तुमच्या कानाची नेमकी दुखरी जागा तीच आहे. शेवटी ते वाक्य बोलणाऱ्याच्या वेगाने स्वतः म्हणा. जो ध्वनी आपल्या तोंडातून निघू लागतो तो कानालाही लवकर ओळखू येतो, असा माझा अनुभव आहे. रोज वीस मिनिटे पुरतात. तासभर इंग्रजी बातम्या लावून घरातली कामे करत राहणे हा सराव नव्हे, त्यात कान लवकरच ऐकेनासा होतो.

प्रश्न : बाई, मी पेडण्यात राहतो, आमची काजूची बागायत आहे. मुलीने मोपा विमानतळावरच्या ग्राउंड स्टाफच्या कामासाठी अर्ज केला होता आणि तिची मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. आवाज तुटत होता. मी बाजूलाच बसलो होतो. तिला प्रश्न नीट ऐकू येत नव्हता तरी ती ‘यस, यस’ म्हणत राहिली. निवड झाली नाही. परत विचारले असते तर वाईट दिसले असते का? (एक पालक, पेडणे)

उत्तर : मुळीच वाईट दिसले नसते. विमानतळावर काम करणाऱ्या माणसाला दिवसभर गोंगाटात अनोळखी प्रवाशांचे बोलणे ऐकावे लागते, त्यामुळे नीट ऐकू आले नाही तर शांतपणे परत विचारणे हा त्या कामाचाच भाग आहे. वाईट दिसते ते न ऐकलेल्या प्रश्नाला दिलेले ‘यस’.

हे ‘यस’ किती महागात पडते ते सांगते. ‘वुड यू माइंड वर्किंग नाइट शिफ्ट्स?’ असा प्रश्न आला आणि मुलीने उत्साहाने ‘यस’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘हो, रात्रपाळीला माझी हरकत आहे’ असा होतो, कारण प्रश्न हरकतीचा आहे. तयारी असेल तर ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणावे लागते. दुसरी अडचण नकारार्थी प्रश्नांची. ‘यू हॅवन्ट वर्क्ड बिफोर, हॅव यू?’ या प्रश्नावर आपण मराठीच्या सवयीने ‘हो, नाही केलं’ म्हणू आणि तोंडातून ‘यस’ जाईल. इंग्रजीत तिथे ‘नो, आय हॅवन्ट’ असेच उत्तर हवे. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ विचारणाऱ्याच्या वाक्याला जुळत नाहीत, वस्तुस्थितीला जुळतात. हे दोन प्रकार मुलीकडून मोठ्याने बोलून घ्या, तुम्ही प्रश्न विचारा आणि तिला उत्तर देऊ द्या.

आवाज तुटत असेल तर ‘सॉरी, युअर व्हॉइस इज ब्रेकिंग. कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ हे वाक्य तिला झोपेतही म्हणता आले पाहिजे. नुसते ‘व्हॉट?’ म्हणू नये, ते उद्धट वाटते. अर्धा प्रश्न कळला असेल तर कळलेला भाग सांगून उरलेला विचारणे अधिक चांगले, जसे की ‘डिड यू आस्क अबाऊट माय ट्रेनिंग ऑर माय कॉलेज प्रोजेक्ट?’ त्यामुळे ऐकणारा लक्ष देऊन ऐकतो आहे, हे समोरच्याला दिसते.

आणखी एक गोष्ट काळजीपोटी लिहिते. पुढच्या मुलाखतीला तुम्ही खोलीत बसू नका. बाप शेजारी असला की मुलीचे अर्धे लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे जाते. त्याऐवजी घरात रेंज कुठे नीट मिळते ते आदल्या दिवशी पाहून ठेवा, वायरचे इअरफोन द्या, आणि पावसाळा असेल तर पत्र्याच्या पडवीत तिला बसवू नका. पावसाची सर आली की पत्र्याखाली कोणालाच काही ऐकू येत नाही.

प्रश्न : फोनवरून रुजू होण्याची तारीख सांगितली ती मी तेरा ऐकली, प्रत्यक्षात ती तीस होती. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ ओळखायचे कसे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : शेवटच्या ‘न’वर विसंबू नका, फोनवर तो हरवतो आणि तारखेत तर त्याच्या मागे ‘थ’ लागतो. जोर कुठे आहे ते ऐका. ‘थर्टी’त जोर पहिल्या भागावर असतो आणि दुसरा भाग आखूड होतो. ‘थर्टीन’मध्ये दुसरा भाग लांबतो. पगाराच्या बोलण्यात ‘फिफ्टीन थाउजंड’ आणि ‘फिफ्टी थाउजंड’ यांत हाच घोळ होतो, आणि पुढे दुसरा शब्द आला की ‘फिफ्टीन’चा जोरही पहिल्या भागावर सरकतो, त्यामुळे कसलेला कानही फसतो. म्हणून आकडा कळला असे वाटले तरी ‘वन-थ्री ऑर थ्री-झीरो?’ असे विचारून घ्यावे. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चेही असेच आहे. होकारार्थी ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये ‘कन्’ इतका दबतो, नकारार्थी शब्द मात्र पूर्ण आणि ठसठशीत येतो. स्पष्ट ऐकू आला तर तो बहुधा नकार असतो.

प्रश्न : दहा वर्षांच्या खंडानंतर मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये पुन्हा नोकरी शोधते आहे. सरावासाठी मिळणारे इंग्रजी बहुतेक ब्रिटिश आहे, पण मुलाखत घेणारे दिल्ली-बंगळूरचे असतात. कोणते ऐकावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : दोन्ही, पण या क्रमाने. पायाभरणीसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम चांगला आहे. तो मोफत आहे, नावाप्रमाणे साधारण सहा मिनिटांचा आहे आणि त्याचा लेखी मजकूर सोबत मिळतो. बीबीसीचे इंग्रजी शिकवण्याचे काम १९४३ पासून चालू आहे आणि अशा कार्यक्रमांची घडण त्या अनुभवातून आलेली दिसते. मुलाखत पंधरा दिवसांवर आली की भारतीय व्यवस्थापकांच्या मुलाखती आणि चर्चा यूट्यूबवर ऐका. वेग जड वाटला तर सुरुवातीला तो ०.७५ वर ठेवा, मात्र आठवडाभरात मूळ वेगावर या. खाली धावणारी अक्षरे बंदच ठेवा, नाहीतर पुन्हा डोळेच काम करतील. काही जणी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या श्रवण चाचण्या सोडवतात. त्यात सुमारे तीस मिनिटांत चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, त्यामुळे एकाग्रतेला त्याचा उपयोग आहे, पण तुमच्या कामासाठी ती परीक्षा द्यायची गरज नाही. घरी शांतता मिळत नसेल तर पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात इअरफोन घेऊन बसा. १८३२ पासूनची ती संस्था गोव्यातल्या वाचकांनी शांततेसाठीही वापरावी.

प्रश्न : मी डिचोलीत बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलाखतीतल्या अडचणींवर श्रवणाचा पाठ घ्यायचा आहे, पण तयार ध्वनिफिती आमच्या मुलांना परक्या वाटतात. स्वतः कसा तयार करावा? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला फार बरे वाटले. सहकारी शिक्षकाला सोबत घेऊन मोबाइलवर दोन मिनिटांचा संवाद मुद्रित करा. तो बिनचूक मुलाखतीचा नसावा, त्यात काहीतरी फसलेले असावे. एक नमुना देते.

अधिकारी : टेल मी अबाऊट अ टाइम व्हेन समथिंग वेन्ट राँग अ‍ॅट वर्क.
उमेदवार : आय रीच अ‍ॅट नाइन ओ’क्लॉक, सर. आय अ‍ॅम नेव्हर लेट.
अधिकारी : नो, आय मीन अ सिच्युएशन. व्हॉट हॅपन्ड, अँड व्हॉट डिड यू डू?

इथे उमेदवाराने ‘टाइम’ हा एकच शब्द पकडला आणि घड्याळातली वेळ सांगितली. ‘अ टाइम व्हेन’ म्हणजे ‘असा एखादा प्रसंग’, हे त्याला ठाऊक नव्हते. पहिल्यांदा ऐकवताना मुलांना एकच गोष्ट शोधायला सांगा : संवाद नेमका कुठे घसरला? अर्थ सांगू नका, फळ्यावर काही लिहू नका. दुसऱ्यांदा अधिकाऱ्याचे पहिले वाक्य जसे ऐकू येते तसे लिहून घ्या, आणि ‘टाइम व्हेन’च्या आधीचा ‘अ’ किती जणांनी लिहिला ते पाहा. बहुतेकांचा तो सुटलेला असेल, आणि अर्थ तर त्याच्यावरच टांगलेला आहे. तिसऱ्यांदा ध्वनिफीत उमेदवाराच्या उत्तराआधी थांबवा आणि मुलांना जोडीजोडीने ते उत्तर स्वतः देऊ द्या. ज्यांना प्रश्न कळला नाही त्यांनी गप्प न बसता ‘सॉरी, डू यू मीन अ प्रॉब्लेम आय फेस्ड?’ असे विचारायचे, हा वर्गाचा नियमच करा.

मुद्रण करताना खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवा. रस्त्यावरून कदंबाची बस गेली, कोणी दार वाजवले, तर ते कापू नका. मुलांना ज्या खोल्यांत मुलाखती द्यायच्या आहेत तिथेही असे आवाज असतातच. चार-पाच संवाद झाले की पुढचे संवाद मुलांनाच लिहू द्या आणि त्यांच्याच आवाजात मुद्रित करा. तयार झालेला एखादा पाठ अंकाच्या पत्त्यावर पाठवलात तर पुढच्या अंकात त्याच्यावर सविस्तर लिहीन.