वाचनालयाचे विश्वस्त सभेला येत नाहीत, आले तर बोलत नाहीत. अध्यक्ष म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाचं अध्यक्षपद तुमच्याकडे आलंय. अकरा विश्वस्त आहेत, त्यातले पाच-सहा येतात, सही करतात, चहा घेतात आणि जातात. बाकी सगळं तुम्ही आणि कार्यवाह ओढताय.

मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत बरीच वर्षं आहे, मध्ये काही काळ अध्यक्षही होतो. माझ्या मते तुमच्या सभेला या लोकांची गरजच नाहीये, आणि ते त्यांना कळलंय. मागची विषयपत्रिका काढून बघा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, आलेल्या पत्रव्यवहाराची नोंद घेणे, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. यात डोकं चालवावं असं काय आहे? कार्यवाह इतिवृत्त अथपासून इतिपर्यंत वाचतात, सूचक कोण, अनुमोदक कोण एवढं विचारलं जातं, आणि खरा निर्णय तुम्ही दोघांनी आदल्या दिवशीच फोनवर घेतलेला असतो. शहाणा माणूस दोन सभांत ओळखतो की आपण इथे गणपूर्तीपुरते आहोत.

म्हणून इतिवृत्त आणि जमाखर्च आठवडाभर आधी पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवा, पण ज्येष्ठांना छापील प्रत घरपोच द्या, त्यांना ते बरं वाटतं. सभेत ते दहा मिनिटांत कायम करा आणि उरलेल्या वेळासाठी एकच प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. अनुदानाचा हप्ता लांबला तर ग्रंथपालाचा पगार कुठून द्यायचा, असा. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवायचा विषय होता. वीजबिल आणि चावी यावर आम्ही पुरुष मंडळी तावातावाने बोलत होतो. कधी तोंड न उघडणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलींचं काय? शेवटची एसटी पावणेनऊला सुटते." सगळे गप्प. अभ्यासिका पहाटे सहाला उघडायची असं ठरलं, आणि त्या कामावर देखरेख बाईंनी आपणहून मागून घेतली.

हे जमायचं तर अध्यक्षाने शेवटी बोलायचं. संस्थापकांपैकी कुणी असतील तर त्यांनाही शेवटून दुसरं ठेवा. अण्णा बोलले की बाकीचे माना डोलावतात, मग चर्चा संपली. तरुणांना आधी बोलू द्या.

दुसरं, प्रत्येकाच्या घरी एकदा जाऊन या, सभेबाहेर. "तुम्ही संस्थेत कशासाठी आलात?" आणि "वर्षभरात कोणतं एक काम तुमच्या हातून झालेलं आवडेल?" इतकंच विचारा आणि ऐकून घ्या. मग तेच काम नावानिशी आणि मुदतीसह द्या. आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं स्नेहसंमेलनाच्या समितीत टाकलं जायचं. त्यांना ठेवी बघायला सांगितलं. त्यांनी सगळ्या मुदत ठेवींचा एक तक्ता केला: बँक, रक्कम, व्याजदर, कधी संपते. तो आता दर सभेत फिरतो आणि ते सभा चुकवत नाहीत.

सुरुवातीलाच सगळ्यांच्या हातात पावतीपुस्तक देऊन देणग्या आणायला मात्र पिटाळू नका. हे बहुतेक अध्यक्ष करतात. पैसे मागायला लाजणारा माणूस पुढच्या सभेला तोंडच दाखवत नाही. ज्यांना जमतं त्यांनाच पाठवा, आणि तेही तयार करून. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीदाराला देणगीवरची आयकर सवलत (जिला ८०जी म्हणतात) मिळत नाही, हे निम्म्या विश्वस्तांना ठाऊक नसतं.

आता कागदांचं. धर्मादाय कार्यालयातून तुमच्या न्यासाच्या शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदवहीचा, उतारा काढा. अनेक जुन्या संस्थांत त्यावर अजून वारलेल्या माणसांची नावं असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तुमची स्वतःची नोंद झाली आहे का, हेही त्यात कळेल. उतारा आणि संस्थेच्या घटनेची एकेक प्रत प्रत्येकाला द्या. एक सभा यावरच घ्या. संस्थेची जागा विकायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी लागते, हे कळलं की "हॉल देऊन टाकू पाच वर्षं" म्हणणारे जरा थांबतात. पण कायद्याचा धाक घालू नका. धाकाने राजीनामे येतात, आणि नेमके कामाच्या माणसांचे.

जे कशानेच येत नाहीत, त्यांचं काय? लागोपाठ गैरहजर राहिल्यास सभासदत्व जातं असं कलम कदाचित तुमच्या घटनेत असेल, पण छोट्या गावात ते कोण लावणार, अर्धे एकमेकांचे व्याही! त्यांना घरी जाऊन विचारा की सल्लागार म्हणून राहाल का. बहुतेक जण सुटल्यासारखे होतात. वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ देऊन नीट निरोप द्या, रीतसर राजीनामा घ्या आणि रिकाम्या जागांवर घटनेप्रमाणे चाळिशीच्या आतली माणसं आणा. त्यात रोज वाचनालयात येणारं कुणीतरी हवं. पुस्तक शोधायला किती वेळ लागतो हे त्याला माहीत असतं, आपल्याला नाही.

एक सावधगिरी. जागे झालेले विश्वस्त लगेच ग्रंथपालाला हुकूम सोडायला लागतात. एकाने सांगितलं कपाटं हलव, दुसऱ्याने सांगितलं परत ठेव. तुटपुंज्या पगारावर काम करणारं ते माणूस वैतागून निघून जाईल. कर्मचाऱ्यांना सूचना फक्त कार्यवाहांमार्फत, असा ठराव पहिल्याच सभेत करून घ्या, आणि तो तुम्हालाही लागू आहे असं इतिवृत्तात लिहा.