चारने भाग गेला की लीप वर्ष, एवढंच ना?

नाही, एवढंच नाही. या ‘एवढंच’ पायी मी एकदा भर ऑफिसात खोटा ठरलोय, म्हणून लिहितो.

जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम होतं. एका नोंदीत तारीख २८ फेब्रुवारी १९००, वार बुधवार. स्प्रेडशीट मात्र मंगळवार दाखवत होती. साहेब म्हणाले, लिहिणाऱ्याचा वार चुकलाय. मी म्हटलं, साहेब, १९०० लीप वर्ष नव्हतं, ही शीट त्याला लीप धरते, म्हणून मार्चच्या आधीचे वार एकाने मागे पडतात. त्यांनी सगळ्यांसमोर २९-२-१९०० टाइप केलं. सेलने मुकाट्याने घेतलं. “बघा, आहे की तारीख!” विषय संपला.

अशी तारीख उगवलीच नव्हती. ऋतूंचं वर्ष सुमारे ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं, ४५ सेकंदांचं. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरने वरचे तास पुरते सहा धरले आणि दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला. जास्तीची ती अकरा मिनिटं साठत गेली, साधारण १२८ वर्षांत एक दिवस. सोळाव्या शतकात वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा मार्चमधला दिवस, चर्चने धरलेल्या २१ मार्चपासून दहा दिवस अलीकडे सरकला होता. म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांच्या आदेशाने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. आणि नियम बदलला: शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच लीप. म्हणून २००० लीप, १९०० नाही, २१०० ही नसेल.

शीटमधली चूक जुन्या एका प्रोग्रॅममधून आलेली आहे. त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून ती जाणूनबुजून ठेवली गेली. तेव्हा लीप वर्ष सेलमध्ये तारीख टाकून तपासू नका, भागाकार करा. जुन्या वहीतला वार यंत्राशी जुळला नाही, तर आधी यंत्र तपासा. हुद्दा मोठा म्हणून फेब्रुवारीला एक दिवस जास्त मिळत नाही.

हो, १९०१ ते २०९९ एवढ्याच काळाशी काम असेल, तर चारचा नियम चालतो, हे मान्य.

त्या नोंदीपुढे माझ्याकडूनच ‘वार चुकीचा’ असा शेरा लिहून घेतला गेला. १९०० साली ज्याने ती नोंद केली, त्याने वार बरोबर लिहिला होता.