सोलापूर परिसरात ड्रोन उडवण्यासाठी ठिकाणे : सपाट मुलखात काय पाहावे आणि कुठे उडवू नये

आपण विचारले आहे की, हाती नवा, अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन आहे, मुक्काम सोलापुरात आहे, आणि सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशी निसर्गरम्य व ऐतिहासिक ठिकाणे हवी आहेत. सोबत आपण अशीही खंत व्यक्त केली आहे की, सह्याद्रीसारखे डोंगर इकडे नसल्यामुळे चित्रीकरणात काही जीव येत नाही. या दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तिथेच बाकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

डोंगराळ मुलखात जमिनीवर उभे राहूनही दृश्य दिसते. ड्रोन त्यात फक्त भर घालतो. आपल्याकडे मात्र जमिनीवरून दिसते ती झाडांची एक ओळ, उसाचा फड आणि वर आकाश. भीमेचे वळण, भुईकोटाची दुहेरी तटबंदी, बंधाऱ्यामागे फुगलेले पाणी, माळावरून गेलेल्या जुन्या गाडीवाटा, यांपैकी काहीही खालून उमगत नाही, आणि शंभर-दीडशे फूट वर गेल्याबरोबर सगळे उलगडते. म्हणून सोलापूरच्या मुलखात ठिकाण शोधताना उंच काय आहे हे पाहू नये, जमिनीवर आकृती कुठे आहे हे पाहावे. आकृती दिसायला तिरपा प्रकाश लागतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास सोडला, तर ज्या जागेने सकाळी भान हरपते तीच जागा अकरा वाजता पांढरीफटक दिसते.

आता ठिकाणे. पहिली पसंती मी हत्तरसंग कुडलला देईन. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांचा संगम जिथे होतो, तिथे काठावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही प्राचीन मंदिरे आहेत. संगमेश्वराच्या मंदिरातला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख हा मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक मानला जातो, आणि हरिहरेश्वराच्या परिसरातील उत्खननात सापडलेले बहुमुखी शिवलिंग पाहायला दुरून अभ्यासक येतात. हे दोन्ही ड्रोनला दिसणार नाही, त्यासाठी चप्पल काढून आतच गेले पाहिजे. ड्रोनला दिसतो तो संगम. पावसाळा सरून पाणी निवळू लागले की दोन्ही नद्यांच्या पाण्याचा रंग कधी कधी वेगळा राहतो आणि तो फरक वरून काही अंतरापर्यंत ओळखू येतो. पलीकडच्या तीरावर कर्नाटक आहे. तेव्हा ड्रोन नदी ओलांडून नेण्यापेक्षा अलीकडच्या काठावरूनच कॅमेरा वळवावा, नजरेच्या टप्प्यात उडवण्याचा नियमही त्यामुळे आपोआप पाळला जातो. या तालुक्यात फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघालेल्या उच्चदाब वाहिन्यांचे जाळे आहे. मनोरे लांबूनही दिसतात, तारा मात्र रिमोटच्या पडद्यावर दिसत नाहीत. दोन मनोऱ्यांच्या मधून ड्रोन कधीही नेऊ नये.

दुसरे ठिकाण माचणूर. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि शेजारीच किल्ल्याचे अवशेष आहेत. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत इथल्या ब्रह्मपुरीला होती. दिल्लीचा बादशहा इतकी वर्षे भीमेच्या या वळणावर का थांबला असेल, हे नकाशा पाहून मला कधी नीट कळले नव्हते. वरून पाहिले तेव्हा नदीने दिलेला आडोसा, सपाट मैदान आणि पाण्याची सोय हे तिन्ही एकाच चौकटीत दिसले आणि प्रश्न बराचसा सुटला. इथे चित्रीकरणाची खरी जागा म्हणजे घाट. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास सूर्य खाली असताना घाटाच्या प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर पडते. ड्रोन फार वर न नेता साठ-सत्तर फुटांवर ठेवून कॅमेरा थेट खाली वळवला, तर संपूर्ण घाट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खणासारखा दिसतो. अर्ध्या तासात ते पट्टे विरून जातात. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी असते. त्या दिवशी ड्रोन बॅगेतच ठेवावा, माणसांच्या डोक्यावरून उडवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

नळदुर्गविषयी आपल्यासारखे बहुतेकजण आधी विचारतात, आणि ते योग्यच आहे. धाराशिव जिल्ह्यातला हा किल्ला सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने तासाभराच्या अंतरावर आहे. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधण्याचे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास झाले. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतला महाल मात्र कोरडा राहतो. बांधाने मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा छोटा किल्ला एकत्र जोडले आहेत, ही रचना जमिनीवरून तुकड्यातुकड्यांत कळते आणि वरून एका दृष्टिक्षेपात. तथापि हे राज्य संरक्षित स्मारक आहे. चित्रीकरणासाठी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घ्यावी, अर्जात दिवस, वेळ, ड्रोनचे वजन आणि हेतू स्पष्ट लिहावा. तटाबाहेर उभे राहून उडवले म्हणजे परवानगी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. ड्रोन कशावर उडतो आहे ते पाहिले जाते, आपण कुठे उभे आहात ते नव्हे. परवानगी मिळाली तरी धबधब्याच्या जवळ जाताना जपावे. घळीतून वर येणारा वारा आणि तुषार छोट्या ड्रोनला सहज ढकलतात.

उजनीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे चुकीच्या गोष्टी फार घडतात. धरणाची भिंत, दरवाजे आणि वीजगृह यांच्याजवळ ड्रोन नेऊच नये, पुणे महामार्गावरून ते कितीही मोहक दिसले तरी. खरे सौंदर्य मागे, यशवंतसागराच्या फुगवट्यात आहे. करमाळा तालुक्यातील काठावरची गावे त्यासाठी उत्तम. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि अलीकडे अनेकजण थव्यावर ड्रोन नेऊन पक्षी उडाल्याचे गुलाबी दृश्य टिपतात. हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दूरचा प्रवास करून आलेला पक्षी उथळ पाण्यात दिवसभर चरून ताकद साठवत असतो. प्रत्येक वेळी त्याला उडायला लावणे म्हणजे त्याचे खाणे हिरावून घेणे. पक्षी दुर्बिणीतून पाहावेत. ड्रोनसाठी फाल्गुन-चैत्रात यावे, तेव्हा पाणी मागे सरकू लागलेले असते; थवे दिसले तर मात्र त्या जागी उडवू नये. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. पाण्याच्या कडेने वाकत गेलेल्या त्या हिरव्या पट्ट्या, मधली भेगाळलेली जमीन आणि कोळ्यांच्या होड्या, इतके सुंदर दृश्य आपल्या जिल्ह्यात दुसरे नाही. पाणी फारच उतरले, तर इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर बाहेर येते. एक तांत्रिक बाब इथे महत्त्वाची आहे. ड्रोनच्या पोटातले सेन्सर खालच्या पृष्ठभागावरच्या खुणा पाहून ड्रोन स्थिर ठेवतात, आणि हलत्या, चकाकत्या पाण्यावर ते फसतात. पाण्यापासून निदान वीस-पंचवीस फूट उंची राखावी.

धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याचा भुईकोट आराखड्याच्या दृष्टीने फार देखणा आहे, खंदक आणि बुरुजांची माळ वरून स्पष्ट दिसते, पण तो वस्तीला लागून आहे. परवानगीबरोबरच लोकांच्या गच्च्या आणि अंगणे चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. करमाळ्याचे कमलादेवीचे मंदिर, तिथल्या उंच दीपमाळा आणि ९६ पायऱ्यांची बारव हेही सुरेख आहे. देवस्थानाच्या व्यवस्थापनाला आधी विचारावे. पंढरपूर मी सुचवणार नाही. तिथे बाराही महिने गर्दी असते आणि वारीच्या काळात ड्रोनवर निर्बंध असतात.

सोलापूर शहरातला भुईकोट आणि सिद्धेश्वर तलाव यांचा मोह आवरावा. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, शिवाय होटगी रस्त्यावरचा विमानतळ जवळच आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या झोनमध्ये विभागलेले आहे. हिरव्या झोनमध्ये जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवता येते, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या झोनला हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल झोनला केंद्र सरकारची परवानगी लागते. आपला ड्रोन नॅनो, म्हणजे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या वर्गातला असल्यामुळे वैमानिक प्रमाणपत्राची गरज नाही, परंतु झोनचे नियम वजनामुळे सुटत नाहीत. निघण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा झोनचा नकाशा त्या दिवशी पुन्हा पाहावा, कारण झोन बदलू शकतात.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात ड्रोन उडवण्याचा विचारही मनात आणू नये. अडचण अशी की हे अभयारण्य सलग नाही. नान्नज, मार्डी या भागात गवताळ माळाचे तुकडे शेतीच्या मधे मधे विखुरलेले आहेत आणि नवख्या माणसाला हद्द कळत नाही. माळढोक आज तिथे अत्यंत दुर्मिळ आहे. काळविटांचे कळप आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी मात्र दिसतात, आणि ड्रोनच्या आवाजाने हरणे जिवाच्या आकांताने धावत सुटतात. त्या बाजूला गेलात तर वनविभागाच्या माणसाला विचारून पायी फिरावे.

गावांविषयी एक गोष्ट शहरातल्या माणसाला सांगावीच लागते. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात आणि मागोमाग चोर येतात, अशा चर्चेने आपल्या भागातल्या कितीतरी गावांनी रात्रीच्या रात्री जागून काढल्या. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे कोणत्याही गावात पोचल्यावर आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटावे, काय करणार आहोत ते सांगावे, आणि चार माणसे जमली तर त्यांना पडदा दाखवावा. आपले गाव वरून पाहताना म्हाताऱ्या माणसांना ओढे, पाणंदी आणि जुन्या विहिरी पटापट ओळखू येतात. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. अंधार पडल्यावर मात्र ड्रोन बाहेर काढूच नये.

हवामानाचे गणित थोडक्यात असे आहे. बहुतेक छोट्या ड्रोनची कामाची कमाल मर्यादा ४० अंश असते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा त्याच्या वर जातो. शिवाय वावटळी उठतात. त्या दिवसांत सकाळी आठनंतर उडवू नये, बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नयेत. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरात असतो. ड्रोन आधी वाऱ्याच्या तोंडाला न्यावा, म्हणजे बॅटरी उतरल्यावर परतताना वारा पाठीशी राहतो. काळ्या रानातली बारीक धूळ ड्रोनच्या मोटारींत जाऊन बसते, त्यामुळे ड्रोन उडवायला-उतरवायला घडीची चटई जवळ बाळगावी. आणि उसाच्या फडापासून दूर राहावे. दहा-बारा फूट उंचीच्या, पानांनी गच्च झालेल्या फडात पडलेला ड्रोन पडद्यावर जागा दिसत असूनही तोडणी होईपर्यंत हाती लागत नाही, आणि शोधायला शिरलो तर शेतकऱ्याचे नुकसान होते. घरी परतण्याची उंची, म्हणजे संपर्क तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून परत येतो ती, प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवावी. माचणूरला ठेवलेली उंची नदीकाठच्या जुन्या चिंचांना पुरेल, पण वीजवाहिन्यांच्या मुलखात ती पुरणार नाही.

आपण दिवाळीनंतर सुरुवात करणार असाल, तर पहिल्यांदा माचणूरला जावे. जागा मोकळी आहे, मंगळवेढा रस्त्याने पहाटे निघाल्यास उजाडताना पोचता येते, आणि नवख्या हाताला सराव करायला घाटाच्या अलीकडे पुरेसे मैदान आहे. हत्तरसंग कुडल त्यानंतरच्या सुटीला. तोवर नळदुर्गचा अर्ज देऊन ठेवावा, कारण धबधब्यांसाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावेच लागणार आहे.