होंडा सिटी: २०२० ची की २०२३ ची?

पहिलीच सेडान, तीही वापरलेली होंडा सिटी घेताय, अभिनंदन! आधी एक लक्षात घ्या, २०२३ ची ही फेसलिफ्ट, म्हणजे तीच गाडी थोडी रूप बदलून आलेली; नवी गाडी नव्हे. २०२० च्या पाचव्या पिढीचंच १.५ लिटर, १२१ पीएस ताकदीचं पेट्रोल इंजिन २०२३ मध्येही आहे. डिकीही तीच, ५०६ लिटरची. ग्रिल आणि बंपरवर भाळून जास्तीचे लाखभर देऊ नका, ही नवख्यांची नेहमीची चूक. (मीही केलीय.)

खरा फरक इथे आहे:

- २०२३ मध्ये साध्या (हायब्रिड नसलेल्या) पेट्रोललाही कॅमेऱ्यावर चालणारं होंडा सेन्सिंग आलं, आपोआप ब्रेक लावणारं. पण सर्वात खालच्या एसव्हीत ते नाही! व्हेरिएंट न बघता 'फेसलिफ्ट आहे ना' म्हणून सौदा करू नका. पुढची काच बदललेली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (कॅमेरा पुन्हा अचूक जुळवणं) झालंय का, हे बिलावर बघा.
- डिझेल २०२३ मध्ये बंद झालं. रोजचं रनिंग भरपूर असेल तरच जुनं डिझेल शोधा.

हायवेवर फारसं जाणं नसेल, तर मी सर्व्हिस रेकॉर्ड चोख असलेली २०२१ ची, फेसलिफ्टआधीची पेट्रोल घेईन. हायब्रिडचं नंतर बोलू. आधी दोन्ही चालवून या, घरच्यांना मागे बसवून.